मंडोर उद्यान, जोधपूर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही जोधपूरला राहतो हे कळल्यापासून नातेवाईक, मित्र, मित्रांचे साडू आणि साडूंच्या सोसायटीतले लोक सगळे मंडोरबद्दल विचारतात. उत्तरं तीच तीच होऊ लागली, म्हणून एकदाच लिहून ठेवली. मेहरानगडाबद्दल इथे फारसं सापडणार नाही, त्यावर लिहिणारे भरपूर आहेत.

१. मंडोर म्हणजे नक्की काय? बाग, किल्ला की देवळं?

तिन्ही. मंडोर ही मारवाडची जुनी राजधानी. जुनं नाव मांडव्यपूर, आणि इथे आधी प्रतिहारांचं राज्य होतं. राठोडांना, म्हणजे पुढच्या जोधपूरच्या राजघराण्याला, ही जागा लढाईत मिळाली नाही, लग्नात मिळाली. चौदाव्या शतकाच्या अखेरीस ईंदा शाखेच्या प्रतिहारांनी राव चूंडाला मुलगी दिली आणि सोबत मंडोर आंदण दिलं. ईंदांचे हे उपकार राठोडांनी विसरू नयेत, असं सांगणारा सोरठा (दोह्यासारखं दोन ओळींचं कवन) मारवाडात अजून म्हणतात. पुढे चूंडाचा नातू राव जोधा याने १४५९ मध्ये दक्षिणेकडच्या डोंगरावर नवा किल्ला बांधायला घेतला. तो मेहरानगड, आणि त्याच्या पायथ्याला वसलं ते जोधपूर.

राजधानी हलली, पण राजांचे अंत्यसंस्कार मंडोरच्या परिसरातच होत राहिले. दहनाच्या जागी स्मारकं उठली, अठराव्या शतकात त्यांच्या आजूबाजूला महाल आणि बाग झाली, आणि आता तिथे शाळेच्या सहली डबे उघडून बसतात. थोडक्यात, ही आधी स्मशानभूमी आणि मग बाग. फुलांसाठी जाल तर हिरमुसून परत याल.

२. मंडोर आणि मंदसौर एकच का? आणि शहरातली ती संग्रहालयाची बाग कुठली?

मंदसौर मध्य प्रदेशात, माळव्यात. मंडोर जोधपूरच्या उत्तरेला. जुन्या कागदांत ‘मंडोवर’ असंही दिसतं. नावांच्या घोळात रावणही सापडतो, त्यासाठी प्रश्न १३ पाहा.

शहरातली बाग म्हणजे उमेद उद्यान. तिथे सरदार संग्रहालय आहे. मंडोरमध्ये वेगळं सरकारी संग्रहालय आहे. रिक्षावाल्याला नुसतं ‘गार्डन, म्युझियम’ म्हणालात तर तो जवळचं म्हणून उमेद उद्यानात सोडेल. आमच्या एका पाहुण्यांनी तिथे तासभर राजांची स्मारकं शोधली.

३. कसं पोहोचायचं? ‘मंडोर एक्सप्रेस’ थेट तिथे जाते का?

जात नाही. मंडोर एक्सप्रेस दिल्ली आणि जोधपूरच्या दरम्यान रात्रीची धावते, तिचं नाव फक्त या गावावरून आहे. मुंबईहून सूर्यनगरी एक्सप्रेस सोयीची. वांद्रे टर्मिनसला बसलात की दुसऱ्या दिवशी सकाळी जोधपूर. पुण्याहून येणारी एखादी गाडी भगत की कोठी या स्टेशनावर येते. ते जोधपूरचंच उपनगरी स्टेशन आहे, घाबरून पुढे जाऊ नका.

जोधपूर स्टेशनापासून मंडोर साधारण नऊ किलोमीटर. शहरातून पावटा, महामंदिर अशा रस्त्याने सिटी बस जाते, रिक्षा आणि ॲपवरची गाडीही मिळते. रिक्षा ठरवताना येण्याजाण्याचे आणि थांबण्याचे मिळून पैसे आधी बोलून घ्या.

४. तिकीट किती? वेळ काय?

बागेला तिकीट नाही. सकाळपासून संध्याकाळपर्यंत कधीही आत शिरा. संग्रहालयाचं तिकीट वेगळं आणि त्याचे तास सरकारी, म्हणून संग्रहालय बघायचं असेल तर ते आधी उरका आणि मग बागेत रेंगाळा. उलटं केलंत तर दाराला कुलूप दिसण्याची शक्यता जास्त.

५. किती वेळ लागतो? सुरुवात कुठून करावी?

घाईत एक तास, नीट बघायला अडीच तास. वरचा पडका किल्लाही करायचा असेल तर अर्धा दिवस धरा.

मी पाहुण्यांना नेतो तो क्रम असा: फाटकातून आत गेल्यावर पहिल्यांदा स्मारकांच्या रांगेकडे. राव मालदेवापासून महाराजा अजितसिंहापर्यंत. ती आकाराने वाढत कशी गेली हे क्रमाने चाललात तरच कळतं. मग अजित पोळ (पोळ म्हणजे दरवाजा) ओलांडून देवतांची साळ (प्रश्न १०) आणि भैरवाचं देऊळ. तिथून जनाना महाल, ज्यात संग्रहालय आहे, आणि त्याच भागातला एक थंबा महाल. हा तीन मजली, दगडी जाळ्यांचा बुरुजासारखा महाल अजितसिंहाच्या काळातला. शेवटी पायात जोर उरला असेल तर टेकडीवरचे किल्ल्याचे अवशेष. तिथे पायाचे चौथरे आणि जुन्या मंदिरांचे दगड याखेरीज फार उरलेलं नाही, पण खालच्या देवलांची, म्हणजे राजांच्या स्मारकांची, शिखरं वरून एका ओळीत दिसतात.

६. कुठल्या महिन्यात यावं? मुलांना मे महिन्याची सुट्टी असते.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मे-जूनमध्ये पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो आणि लाल दगड संध्याकाळी सातलाही उष्णता सोडत राहतो. सुट्टीचा नाइलाज असेल तर सकाळी लवकर जा आणि दहाला परत फिरा.

माझं स्वतःचं मत विचाराल तर ऑगस्ट. वाळवंटी शहरात पावसाळा म्हणजे वर्षभरात चौदा-पंधरा इंच, आपल्या लोणावळ्यात तेवढा एका दिवसातही पडून जातो. पण तो पडला की टेकड्या हिरव्या होतात आणि ओला दगड गडद तांबडा दिसतो. एक गोष्ट आधीच सांगतो. बागेतून जाणारा नागादरीचा ओढा काही जागी साचलेला असतो आणि त्यात लोक प्लॅस्टिक टाकतात. फोटोत ते दिसत नाही, नाकाला कळतं.

७. ही देवळं आहेत तर आत देव का नाही? चपला काढायच्या का?

मराठी माणसाचा हमखास गोंधळ इथे होतो. मारवाडीत यांना ‘देवल’ म्हणतात आणि आपण ‘देऊळ’ ऐकतो. बांधणीही देवळाचीच. उंच जोतं, खांबांचा मंडप, गाभारा, वर शिखर. पण ही राजांची स्मारकं. आपल्याला ‘छत्री’ हा शब्द ओळखीचा. पुण्यात वानवडीला महादजी शिंद्यांची छत्री आहे, तीच कल्पना. मारवाडात मात्र छत्री म्हटलं की खांबांवरचा घुमट, आणि शिखर असलेलं मोठं स्मारक म्हणजे देवल. मंडोरला दोन्ही आहेत.

सगळं काम जोधपूरच्या तांबड्या वालुकाश्मात. खांबांवर आणि बाहेरच्या भिंतींवर बारीक कोरीव काम आहे, म्हणून जोत्यावर चढून प्रदक्षिणा घालाच, खालून फोटो काढून पुढे जाऊ नका.

चपलांचं म्हणाल तर भैरव-गणपतीच्या देवळात काढायच्या. देवलांत पाटी असेल तसं वागा. दुपारी अनवाणी चालायची वेळ आली तर दगड चटके देतो, म्हणून पिशवीत मोजे ठेवा. हा सल्ला ऐकून हसलेले लोक नंतर मोजे मागतात.

८. इतकी स्मारकं आहेत, कोणतं कोणाचं? सगळी बघायला वेळ नाही.

मग दोनच बघा, पण निवांत.

पहिलं महाराजा जसवंतसिंह (पहिला) यांचं. हे मोगलांचे मोठे मनसबदार. १६७८ मध्ये खैबर खिंडीच्या तोंडाशी जमरूदला वारले. मागे वारस नव्हता, राण्या गरोदर होत्या. पुढच्या वर्षी मुलगा झाला, तो अजितसिंह. औरंगजेबाने मारवाड खालसा केलं. दुर्गादास राठोड आणि त्याच्या साथीदारांनी तान्ह्या अजितसिंहाला दिल्लीतून लढत बाहेर काढलं आणि लपवून वाढवलं. औरंगजेब १७०७ मध्ये अहमदनगरजवळ भिंगारला मेला तेव्हा कुठे अजितसिंहाला जोधपूर परत मिळालं.

दुसरं याच अजितसिंहाचं, मंडोरमधलं सर्वात भव्य देवल. बांधलं गेलं १७९३ मध्ये, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर जवळजवळ सत्तर वर्षांनी. ज्याला जन्मतःच मारायला बादशहा टपला होता तो मेला स्वतःच्या मुलाच्या हातून. १७२४ मध्ये धाकट्या बखतसिंहाने त्याला झोपेत मारलं. थोरला अभयसिंह गादीवर बसला.

या दोघांची देवलं पाहिली की बाकीची आपोआप कळू लागतात. सुरुवात राव मालदेवापासून. त्याच्या आधीच्या रावांची स्मारकं या बागेत नाहीत, ती पंचकुंडाला (प्रश्न ११).

९. महाराष्ट्राशी याचा काही संबंध आहे का? गाइड तर काहीच सांगत नाही.

गाइडकडे दोष नाही, त्याला आपला इतिहास कशाला ठाऊक असेल? पण संबंध चांगलाच आहे, आणि मला मंडोर आवडायचं खरं कारणही तेच. या बागेत जे लोक राख होऊन पडलेत त्यातले अर्धे आपल्या शाळेच्या पुस्तकात परक्या बाजूला उभे होते.

जसवंतसिंह घ्या. १६६३ मध्ये महाराजांनी लाल महालात शाहिस्तेखानाची बोटं छाटली तेव्हा हे पुण्याच्या छावणीतच होते. एवढी फौज असताना शिवाजी आत शिरलाच कसा, यावरून त्यांच्याबद्दल तेव्हाही कुजबुज झाली. त्यानंतर त्यांनी कोंढाण्याला वेढा घातला आणि काही महिन्यांनी हात हलवत उठवला. सिंहगडावर दही खाऊन आलेल्या माणसाने या देवलासमोर दोन मिनिटं थांबायला हरकत नाही.

दुर्गादास तर थेट रायगड जिल्ह्यापर्यंत आला होता. औरंगजेबाचा बंडखोर मुलगा अकबर याला घेऊन तो १६८१ मध्ये संभाजी महाराजांकडे पोहोचला. सुधागडाच्या पायथ्याला, पालीच्या परिसरात त्यांची भेट झाली. त्याचं स्मारक मात्र मंडोरला शोधू नका. ज्याला वाचवलं त्या अजितसिंहाशी पुढे बिनसलं, म्हातारपणी मारवाड सोडावं लागलं, आणि त्याची छत्री उज्जैनला क्षिप्रेच्या काठी आहे. मला दर वेळी अजितसिंहाचं एवढं मोठं देवल बघून हेच आठवतं.

अभयसिंह गुजरातचा सुभेदार झाला आणि १७३२ मध्ये त्याने डाकोरला पिलाजीराव गायकवाडांना दगा करून मारवलं. प्रश्न १० मधली देवतांची साळ याच्या काळात पुरी झाली. बखतसिंहाचा मुलगा विजयसिंह, त्याची आणि जयाप्पा शिंद्यांची कथा शेवटच्या प्रश्नात आहे.

१०. ‘तेहतीस कोटी देवांची साळ’ म्हणजे काय? आत इतके देव आहेत का?

आधी शब्द. साळ म्हणजे आपल्याकडचा भात नव्हे, इथे साळ म्हणजे लांब ओसरी. तेहतीस कोटी हे प्रेमाने. कातळात कोरलेल्या, माणसाहून मोठ्या सोळा मूर्ती आहेत, चुन्याचा गिलावा आणि वर भडक रंग. अजितसिंह आणि अभयसिंह या बापलेकांच्या काळात, अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात हे काम झालं.

एका भागात चामुंडा, महिषासुरमर्दिनी, जालंधरनाथ असे देव-नाथ, दुसऱ्या भागात घोड्यावर बसलेले वीर. खरी मजा या वीरांत आहे. पाबूजी गाई सोडवताना कामी आला, त्याला आजही उंटपाळ रायका लोक मानतात. गोगाजी सापांचा देव. रामदेवजींच्या दर्शनाला भाद्रपदात लाखो लोक पायी रामदेवऱ्याला जातात. हडबूजी, मेहाजी, मल्लीनाथ हेही आहेत. सगळे इथल्या मातीतले. माणसं म्हणून जगले, मेले, आणि लोकांनी देव केले. आपल्याकडे घोड्यावरच्या खंडोबासमोर किंवा गावकुसाबाहेरच्या वीरगळासमोर उभं राहिल्यावर जे वाटतं तेच इथे वाटतं.

कोरीव काम म्हणून या मूर्ती ओबडधोबड आहेत. देवलांवरचं काम बघून आलेल्यांना त्या खटकतात. मला त्या तशाच आवडतात. राजांनी स्वतःसाठी नाजूक नक्षी करून घेतली आणि लोकांच्या देवांना लोकांसारखंच ठेवलं.

शेजारी काळा आणि गोरा असे दोन भैरव, आणि गणपती. शेंदूर आणि चकचकीत वर्खाने मढवलेले. इथे नेहमीची पूजा चालते, त्यामुळे फोटो काढताना दर्शनाची रांग अडवू नका.

११. राण्यांची स्मारकं कुठे आहेत?

बागेत नाहीत. जवळच पंचकुंड म्हणून जागा आहे, तिथे राण्यांच्या छत्र्या आणि आधीच्या काही रावांची स्मारकं आहेत. पर्यटक जवळपास नसतात. एकट्याने भर दुपारी किंवा अंधार पडताना जाऊ नका, रिक्षा थांबवून ठेवा.

याला जोडून सतीचा प्रश्न येतो, बहुतेक वेळा दबक्या आवाजात. हो, या दहनभूमीवर सती गेल्या. अजितसिंहाच्या चितेवर राण्या आणि दासी मिळून साठाहून अधिक स्त्रिया गेल्याचं मारवाडच्या ख्यातींत, म्हणजे तिकडच्या बखरींत, लिहिलेलं आहे. गाइड हे ‘गौरवशाली’ म्हणून सांगतात. मुलं बरोबर असतील तर काय बोलायचं ते आधी ठरवून ठेवा, कारण मुलं विचारतातच. मेहरानगडाच्या लोहा पोळीवर सतींच्या हातांचे ठसे आहेत. ते इवलेसे हात बघितल्यावर गौरव वगैरे शब्द माझ्या तोंडून तरी निघत नाहीत.

१२. जसवंत थडा पाहिला. जसवंतसिंहाचं स्मारक तेच ना? मग मंडोरला कशाला जायचं?

ते जसवंतसिंह दुसरे. १८९५ मध्ये वारलेले. त्यांच्या मुलाने, सरदारसिंहाने, मेहरानगडाजवळ पांढऱ्या संगमरवरात थडा बांधला आणि तेव्हापासून राजघराण्याची दहनभूमी तिकडे गेली. मंडोरचे जसवंतसिंह पहिले, दोघांत दोनशे वर्षांचं अंतर. एकच बघायला वेळ असेल तर थडा देखणा आणि स्वच्छ आहे, पण अर्ध्या तासात संपतो.

१३. मंडोर ही रावणाची सासुरवाडी आहे हे खरं का?

लोककथा म्हणून खरं. मंदोदरी मंडोरची, म्हणून रावण इथला जावई, आणि त्यांचं लग्न लागलं ती ‘रावण की चंवरी’ही दाखवतात. चंवरी म्हणजे लग्नमंडप, बोहलं. तिथे दगडावर गणपती आणि मातृकांच्या मूर्ती कोरलेल्या आहेत. जोधपूरमधली काही श्रीमाळी ब्राह्मण घराणी स्वतःला रावणाचे वंशज म्हणवतात आणि दसऱ्याला दहन बघत नाहीत, सुतक पाळतात. शहरात रावणाचं देऊळही आहे. गंमत अशी की मंदसौरवालेही मंदोदरीचं माहेर आपल्याच गावात सांगतात आणि तिथेही रावणाला जावयाचा मान आहे. दोन्ही गावांच्या जावयाला आपण नाशिक-पंचवटीच्या लोकांनी काय म्हणावं!

१४. माकडं त्रास देतात असं ऐकलं.

माकडं नव्हेत, वानर. काळ्या तोंडाचे, लांब शेपटीचे. जोधपूरच्या वानरांवर शास्त्रज्ञांनी अनेक दशकं अभ्यास केला आहे. नवा नर टोळीचा ताबा घेतो तेव्हा पिलांना मारतो, या वर्तनाच्या महत्त्वाच्या नोंदी इथल्याच.

एरवी ते शांत असतात. लोक शेंगदाणे-केळी चारतात म्हणून हातातली पिशवी म्हणजे खाऊ असं त्यांनी ठरवून टाकलं आहे. पिशवी पाठीवर, खाऊ आत, चष्मा सांभाळून. पोराला वानराच्या शेजारी उभं करून फोटो काढू नका.

१५. आईला गुडघ्यांचा त्रास आहे, तिला जमेल का?

बागेत सपाट वाटा आणि सावलीतले बाक आहेत, तिथवर सहज. देवलांची जोती उंच आहेत आणि पायऱ्या चढ्या, कठडा नसलेल्या. चाकाची खुर्ची जोत्यांवर जात नाही. देवतांची साळ मात्र खालून, समोरूनच नीट दिसते. किल्ल्याचा विचार सोडा.

१६. खायला काय मिळतं?

फाटकाबाहेर उसाचा रस, चाट, शहाळी. पोटभर खायचं तर शहरात परता. मिरची वडा सकाळी, मावा कचोरी केव्हाही. मंडोरच्या माळी लोकांची भाजी प्रसिद्ध आहे आणि मथानियाची लाल मिरची तर घरी न्यायलाच हवी. ब्याडगीसारखा रंग, चव निराळी.

१७. कुठल्या दिवशी गर्दी टाळावी?

रविवार, आणि श्रावणातले सोमवार. शेवटच्या सोमवारी इथे वीरपुरीची जत्रा भरते. त्यांचा श्रावण आपल्या आषाढी पौर्णिमेनंतर लगेच सुरू होतो, म्हणजे आपल्या आधी पंधरा दिवस. कालनिर्णय बघून तारीख काढलीत तर चुकेल. भाद्रपदात रामदेवऱ्याचे पदयात्री शहरभर असतात. अधिक महिन्यात भोगिशैल परिक्रमेचे लोक मंडोरवरून जातात. गर्दीच बघायची असेल तर हेच दिवस सोन्याचे.

१८. त्याच दिवशी आणखी काय जोडता येईल?

मंडोरच्या वाटेवर महामंदिर लागतं, महाराजा मानसिंहांनी नाथपंथासाठी बांधलेलं, चौऱ्याऐंशी खांबांचं. बालसमंद तलावही त्याच बाजूला, ११५९ सालचा मानतात. तिथला महाल आता हॉटेल आहे. गाडी असेल तर ओसियाँ आणखी तासाभरावर, प्रतिहारकालीन मंदिरांसाठी. सकाळी मंडोर, दुपारी ओसियाँ हा दिवस मस्त जातो. मेहरानगड त्याच दिवशी कोंबू नका.

१९. जयाप्पा शिंद्यांची छत्री मंडोरमध्ये आहे का?

नाही. ती नागौरजवळ ताऊसरला. १७५५ मध्ये जयाप्पांनी विजयसिंहाला नागौरच्या किल्ल्यात कोंडलं होतं. जुलैमध्ये वाटाघाटीच्या निमित्ताने छावणीत आलेल्या मारेकऱ्यांनी त्यांना मारलं. वेढा उठला नाही, धाकटे भाऊ दत्ताजी यांनी लढाई पुढे नेली आणि अखेर अजमेर मराठ्यांना द्यावं लागलं. इकडे त्याला ‘मुंडकटी’ म्हणतात, कापलेल्या मुंडक्याची भरपाई. पस्तीस वर्षांनी, १७९० मध्ये, जयाप्पांचे दुसरे भाऊ महादजी यांच्या फौजेने मेडत्याला याच विजयसिंहाच्या सैन्याचा पराभव केला.

मंडोरहून नागौर उत्तरेला, गाडीने अडीच-तीन तास. सकाळी निघालात तर संध्याकाळी जोधपूरला परत येता येतं. नागौरला पोहोचल्यावर ताऊसरचा रस्ता विचारा, आणि ‘आपाजी री छतरी’ म्हणून बघा, ‘जयाप्पा’ म्हटलं तर कोणाला कळेलच असं नाही.